कोरड्या रविवारच्या पुस्तकांची विल्हेवाट

मी, हिरामण मंगळू भोये, वय ६५ वर्षे, निवृत्त ग्रंथालय परिचर, मूळ राहणार चिंचमाळ पाडा, तालुका सुरगाणा, सध्या राहणार मखमलाबाद रोड, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका, आमचं रोजचं काम आहे." त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. राग आहे तो वेगळा. राग येतो म्हणजे डोकं फिरलंय असं कायदा मानत नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं.

वकीलबाई म्हणजे ॲड. तृप्ती गांगुर्डे, मागच्या गल्लीतली मुलगी. माझा कच्चा मसुदा वाचून ती म्हणाली, "काका, हे मृत्युपत्र आहे, तक्रार अर्ज नाही." मी म्हटलं, "बाई, अडतीस वर्षं मी दुसऱ्यांचे तक्रार अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. हा एक माझा." तिने हात जोडले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम १. मखमलाबाद रोडचं घर माझी पत्नी आशा हिचं. ती असेपर्यंत तिचं, नंतर मुलगा ललित याचं. सूनबाई पूजा हिने मागची खोली पाडून किचन मोठं करायचा नकाशा काढून ठेवला आहे, तो मी पाहिला आहे. माझ्या उशीखाली सापडला नाही, फ्रिजवर चुंबकाने लावला होता. आशाला विचारल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते आशाचं. किती आहे ते लिहीत नाही. वाचणाऱ्याला उगाच नसता उद्योग नको.

कलम ३. माझी बांधणीची हत्यारं, म्हणजे दाभण, कातरी, खळीचा डबा आणि पुस्तक दाबून धरायचा लाकडी शिकंजा, कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या जागी आलेल्या केरूला द्यावीत. तो सेलोटेप लावून पुस्तकं दुरुस्त करतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि माझी दाढ दुखायला लागली. शिकंजा दिल्यावर तरी त्याला लाज वाटेल.

कलम ४. पाड्यावरच्या जमिनीबद्दल या कागदात काही नाही. माझा हिस्सा मी हक्कसोडपत्र करून धाकटी बहीण मैना हिच्या नावे आधीच केला आहे. मैना गेली बारा वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलते. हक्कसोडपत्राच्या दिवशीही ती रजिस्ट्री ऑफिसात अंगठा देऊन सरळ निघून गेली, चहासुद्धा घेतला नाही.

कलम ५. मी गेल्यावर, पूर्वी माझ्या ओट्यावर भरणाऱ्या अभ्यासवर्गातल्या कोणीही माझ्याबद्दल भाषण करू नये. शांत, समजूतदार चेहरे करून माझ्या ओट्यावर कोणी बसू नये. ज्याला रडायचं असेल त्याने भोकाड पसरून रडावं. ज्याला रडू येत नसेल त्याने घरी जावं, आशाला चहा टाकायला लावू नये. अकरा वर्षं तिने पुष्कळ चहा टाकला आहे.

कलम ६. पुस्तकं. खरं म्हणजे यासाठीच हा सगळा खटाटोप.

मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात स्टोइक तत्त्वज्ञानाची सव्वीस पुस्तकं आहेत. यादी दाराला आतून चिकटवली आहे. स्टोइक म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीस आणि रोमकडचे विचारवंत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे आपल्या हातात नाही त्यासाठी ऊर बडवू नये. आपल्या हातात फक्त आपलं मत आणि आपलं वागणं. एका बादशहाने स्वतःपुरती केलेली टिपणं आहेत, त्याची तीन भाषांतरं आहेत. एका गुलामाने सुटका झाल्यावर घेतलेले धडे आहेत. एका गडगंज मंत्र्याने साधेपणावर लिहिलेली पत्रं आहेत. बाकीची हल्लीची: रोज एक पान वाचायचं अशी काही, उत्तरं लिहायला ओळी आखलेल्या सरावाच्या वह्या काही, आणि एक जाडजूड विद्यापीठातलं, जे मला आजतागायत समजलेलं नाही. ते वर्ग घेणाऱ्या विसपुते सरांनाही समजलेलं नव्हतं. फक्त ते त्याच्यावर हात ठेवून बोलायचे.

अकरा पुस्तकं कॉलेजने बाद केलेली. वाळवी लागली होती. मी रीतसर पावती फाडून घेतली आणि पुन्हा बांधली. बाकीची शालिमारच्या रद्दीवाल्यांकडून वेचली. मी दहावी पास. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक पान वाचलं आणि मराठीत उतरवलं. अशा पाच फुलस्केप वह्या भरल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

प्रा. प्रफुल्ल विसपुते हे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांनी स्टोइक अभ्यासवर्ग काढला तेव्हा जागा कुठेच मिळेना, म्हणून वर्ग माझ्या ओट्यावर भरायला लागला. एक रिटायर्ड इंजिनीयर, दोन बँकवाले, एक दातांचे डॉक्टर आणि शेवटी शेवटी योगेश. सकाळी उठून आज कोण कोण आपला पाणउतारा करेल याची आधीच कल्पना करून ठेवायची, असा एक सराव त्यांना होता. मला कल्पना करायची गरज नव्हती. मी शिपाई होतो, माझी ड्युटी बोर्डावर लागायची.

महिन्यातून एकदा ‘कोरडा रविवार’. गरिबीची भीती जावी म्हणून एक दिवस मुद्दाम गरिबासारखं राहायचं, असं त्या पुस्तकांत आहे. अंगावर जाडंभरडं घालायचं, जमिनीवर बसायचं, नागलीची, म्हणजे नाचणीची, कोरडी भाकरी आणि मिरची खायची. भाकरी कोण करणार? आशा. नागली कुठून येणार? पाड्यावरून, माझ्या आईने कांडून-दळून दिलेली. डोळे मिटून चावत इंजिनीयरसाहेब म्हणायचे, "वा! काय साधेपणा आहे!" आशा आतून मला म्हणायची, "साधेपणा त्यांचा आणि पीठ आपलं." ती म्हणायची ते मला तेव्हा झोंबायचं, कारण मला वर्गात बसायचं होतं. मी दाराजवळ बसायचो. अकरा वर्षांत मला कोणी पुस्तकातला प्रश्न विचारला नाही. "हिरामण, अजून एक आहे का रे भाकरी?" एवढंच विचारलं.

योगेशबद्दल दोन ओळी. हा आमच्याकडून शिकला आणि आता त्र्यंबक रोडच्या एका रिसॉर्टवर ‘गरिबीचा अनुभव’ असं शिबिर घेतो. स्विमिंग पूलच्या कडेला नागलीची भाकरी. त्याला माझी फाटकी सतरंजी द्यावी, जिच्यावर वर्ग बसायचा. दुसरं काहीही देऊ नये. माझा फोटोही देऊ नये, तो पोस्टरवर लावेल.

आता मूळ मुद्दा. २०१३ साली, वाघबारशीच्या आधीच्या रविवारी, विसपुते सरांनी ठरवलं की या वेळचा कोरडा रविवार खऱ्या जागी करायचा, म्हणजे आमच्या पाड्यावर. योगेश आला नाही, बाकीच्यांसाठी पाड्याकडच्या यादवची जीप केली. मी आईला निरोप धाडला होता की साहेब येणार आहेत, फक्त भाकरी कर. माझी आई, भागीबाई, हिला ते पटलं नाही. नाशिकचे साहेब आपल्या पोराच्या घरी पहिल्यांदा येणार आणि कोरडी भाकरी वाढायची? तिच्याकडे एक कोंबडा होता. तो तिने वाघदेवाला बोललेला होता. वाघबारशीला आमच्याकडे वाघदेवाला कोंबडा देतात, म्हणजे रानात गुरांना आणि माणसांना तो सांभाळतो. देवाला बोललेला कोंबडा आम्ही स्वतःसाठी कधी कापत नाही, घरात पोर उपाशी असलं तरी. तो तिने साहेबांसाठी कापला. मैना आणि तिने मिळून रस्सा केला, नवा भात केला, शेजारून स्टीलची ताटं मागून आणली.

ताटं मांडली आणि ती तशीच राहिली. पाच साहेब कोरडी भाकरी खाऊन उठले. विसपुते सर कोंबडी खात नाहीत अशातला भाग नाही. कॉलेजच्या पार्टीत मी त्यांना दोनदा वाढून घेताना पाहिलेलं आहे. आई दारात उभी होती. तिने मला आमच्या बोलीत विचारलं, "पोरा, त्यांस आमचा हात चालत नाय का?" मी म्हटलं, "साहेबांचं पोट बिघडलंय." पाच जणांचं एकदम.

सहा महिन्यांनी आई गेली. मी उशाशी होतो. ती शेवटी शेवटी म्हणाली, "तुझ्या सायबांना आमचा हात चालला नाय. तू नको वाईट वाटून घेऊ." हे डोक्यात घेऊन ती गेली. आयुष्यभर जंगलखात्याच्या माणसांपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांनी तिला लांबून वाढलं होतं, पण तिच्या घरी येऊन, तिच्या ओसरीवर बसून, तिचं ताट नाकारणारे हे पहिलेच.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, भर वर्गात, मी उभा राहिलो. पहिल्यांदाच. म्हणालो, "सर, तुम्ही माझ्या आईचं ताट मागे सारलंत. ती त्यात गेली." सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "हिरामण, अपमान ताटात नसतो. तो आपल्या मतात असतो." डॉक्टरांनी मान डोलावली. इंजिनीयरसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं! माझ्या अंगाचा भडका उडाला. त्या दिवशी मी सगळ्यांना ओट्यावरून खाली उतरवलं आणि त्यानंतर वर्ग माझ्या दारात भरला नाही.

आता गेल्या महिन्यात त्याच सरांचा फोन. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज तोच. "हिरामण, गंगापूर रोडला वर्गाची स्वतःची अभ्यासिका होते आहे. तुझी पुस्तकं तिथे असावीत अशी माझी इच्छा आहे. आणि तुझ्या त्या वह्या. तसं मराठीत कोणी केलेलं नाही." बारा वर्षांनी यांना माझ्या वह्या आठवल्या. मी फोन ठेवून दिला.

म्हणून असं ठरवतो, की सव्वीस पुस्तकांपैकी एकही पुस्तक आणि वह्यांचं एकही पान विसपुते सर किंवा त्यांच्या वर्गाला मिळणार नाही. ललितने ती गोदावरीत सोडावीत किंवा बंबात घालावीत, पण त्यांना देऊ नयेत. कारण ज्या माणसाने माझ्या आईचा

कलम ७. वरचं कलम अर्धवट राहिलं आहे, ते तसंच राहू द्यावं. कागद बदलू नये.

झालं असं की मी तृप्तीला विचारलं, शेवटी काय लिहायचं असतं. ती म्हणाली, "काका, शेवटी लिहा, वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. मग सही." सहा कलमं मी एका दमात लिहिली होती. ते एक वाक्य लिहायला बसलो आणि तीन दिवस बसून राहिलो. आशा म्हणाली, "चार शब्द तर आहेत, लिहून टाका ना एकदाचे."

आजवर कोणाला सांगितलेलं नाही ते लिहितो. विसपुते सरांनी ताट मागे सारलं नव्हतं. ताट समोर आल्यावर ते क्षणभर गोंधळले, आईकडे पाहून हसले आणि त्यांनी हात घातला. बोटं रश्शात बुडाली होती. बाकीचे त्यांच्याकडे बघत होते. सर खातायत म्हटल्यावर तेही खाणार होते. मी म्हणालो, "सर, आज कोरडा रविवार आहे."

सर म्हणाले, "अरे, पण त्यांनी एवढं केलंय..."

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम, सर. तुम्हीच शिकवलंय. समोर ताट आल्यावर पाळला तरच तो सराव."

हे मी शुद्ध, शहरी मराठीत म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास हिरामण!" आणि सरांनी हात मागे घेतला, रुमालाला पुसला. सगळ्यांनी भाकरी तोडली. मीही तोडली. रश्शाचं माझं ताट मीच माझ्या हाताने बाजूला केलं.

का केलं, तर मला दाखवायचं होतं. दहा-अकरा वर्षं दाराजवळ बसलो होतो. या सगळ्यांत खरा स्टोइक कोण, ते एकदा यांना दिसू दे, असं मला वाटलं. तो कोंबडा कोणासाठी राखलेला होता हे त्या ओसरीवर बसलेल्या सहा पुरुषांपैकी फक्त मला माहीत होतं. डॉक्टरांची शाब्बासकी ऐकून मला आनंद झाला होता. आई दारात उभी असताना झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो आणि स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आणि सर. भर वर्गात मी त्यांच्यावर आळ घेतला तेव्हा ते एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकले असते. "हिरामण, मला तूच अडवलंस." बस. चार माणसं साक्षीला बसली होती, पण तीही सरांचं तोंड बघून गप्प बसली. सरांनी ते वाक्य उच्चारलं नाही. स्वतःवर घेतलं आणि ते मतात-ताटात काहीतरी बोलले. सव्वीस पुस्तकांत जे लिहिलंय ते त्या माणसाने त्या दिवशी करून दाखवलं, आणि मला ते दिसत होतं. म्हणून तर मी त्यांचा एवढा द्वेष केला. माफ केलं असतं तर शिवी देऊन मोकळा झालो असतो. त्यांनी मला झाकलं, ते मला आजही सहन होत नाही.

म्हणून कलम ६ मधला शेवटचा परिच्छेद रद्द. सव्वीसच्या सव्वीस पुस्तकं प्रा. प्रफुल्ल विसपुते यांना द्यावीत. ललितने स्वतः नेऊन द्यावीत, आणि ‘ताट नाकारायला लावणारा मीच होतो, तुम्ही नव्हतात,’ असं मी लिहून ठेवलंय हे त्यांना सगळ्या वर्गादेखत सांगावं. माझ्या वतीने पाया पडू नये. तेवढं माझ्याने होत नाही.

पाच वह्या ललितच्या. सराव करायचा तर जरूर कर. पण कोणी तुझ्यासमोर ताट ठेवलं तर वही मिटायची, हात धुवायचे आणि जेवायचं. तत्त्वज्ञान आंचवल्यावर.

कलम ८. हे मृत्युपत्र नाशिकला तृप्तीच्या ऑफिसात सही करायचं ठरलं होतं. ते मी बदललं. हा कागद मी मेल्यावर मैनाला कोणीतरी वाचून दाखवणार आणि मी तेव्हा सुटलेला असणार, ही पळवाट आहे. आयुष्यात एक पळवाट पुष्कळ झाली. आज सकाळी यादवच्या जीपने पाड्यावर आलो. ओसरीवर बसून, पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, मैनाला आमच्या बोलीत वाचून दाखवलं. मध्ये ती एकदाही उठली नाही. या कागदाने तिला काहीही मिळत नाही, त्यामुळे ती साक्षीदार राहू शकते असं तृप्तीने फोनवर सांगितलं.

वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. आता आहे.

सही: हिरामण मंगळू भोये
स्थळ: चिंचमाळ पाडा, तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक
मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिला: यादव रामा थविल, जीपचालक. हिरामणकाकांनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली. त्या रविवारची जीप माझीच होती. मी झाडाखाली बसलो होतो, मला आतलं काही माहीत नव्हतं. सही: यादव थविल

साक्षीदार दुसरी: मैना सोमा गावित. लिहिता येत नसल्याने तिने सांगितलं तसं मी, यादव, उतरवून घेत आहे:

"भावानं कागद वाचून दाखवला, सगळा समजला. त्यानं माझ्यासमोर सही केली. त्यानं लिवलंय का आईला वाटलं सायबांनी हात लावला नाय. ते खोटं हाय. आईनं दारातून पाह्यलं होतं, सायबाची बोटं रश्शात होती आन् हिरामणनं अडवलं. रातीला तिनं मला सांगितलं. म्हणाली, पोराला कळू देऊ नको का मी पाह्यलं, तो मान वर करून चालायचा नाय. मंग मरताना त्याला बरं वाटावं म्हणून सायबांवर ढकललं. मी बारा वरसं तोंड बंद ठेवलं, तिनं सांगितलं म्हणून. यादव इचारतो, ‘माफ केलं’ असं लिवू का. नको लिवू."

मैना सोमा गावित, डाव्या हाताचा अंगठा